कोऱ्या जागेतले दिवस

गुहेच्या आत काय घडले, ते ही हकिकत सांगणाऱ्यांपैकी कोणीही पाहिलेले नाही. आत पिल्ले होती आणि एक कासव होते. पिल्लांना मोजता येत नव्हते, आणि कासव फक्त जागेपणी मोजत होते. त्यामुळे पुढे जे येईल ते शिळेच्या बाहेरून, बोटभर रुंदीच्या एका झरोक्यातून जेवढे दिसले आणि ऐकू आले, तेवढेच आहे.

त्या प्रदेशात वर्षातून एकदा पाणी चढे आणि चाळीस दिवस राही. मोठी जनावरे डोंगरमाथ्यावर जात, पक्षी कपारींत बसून दिवस काढत. पण ज्यांना अजून धड पाय वा पंख फुटले नव्हते त्यांना माथ्यावरच्या वाऱ्यात ठेवणे म्हणजे मारणेच होते. म्हणून डोंगराच्या कुशीतली एक गुहा त्यांच्यासाठी राखलेली होती. पाणी दिसू लागले की सगळ्यांची पिल्ले आत ठेवत, पन्नास दिवसांचा चारा ठेवत आणि तोंडावर शिळा सरकवत. शिळा एका खोबणीत बसे, आणि त्या खोबणीत, आतल्या बाजूने, कासव बसे. कासव हाच अडसर. ते बाजूला झाले की शिळा स्वतःच्या भाराने घरंगळून उघडे. ते बसलेले असताना बाहेरून जोर लावला, तर वरचा दगड खाली येई आणि मग उघडण्यासारखे काही उरत नसे.

राखणदाराला दिवस कळत ते झरोक्यातून. समोर एक डोंगररांग होती. सूर्य रोज तिच्या किंचित पुढच्या खाचेतून उगवे, आणि पाणी चढल्यापासून चाळीस दिवसांनी तो ज्या खाचेतून येई ती सर्वांना पाठ होती. राखणदार उजेड दिसला की पाटीवर एक रेघ ओढी, सूर्याशी ती ताडून पाही, आणि चाळीस झाल्या की उठे. आवाज मात्र त्याने कोणाचाही ऐकायचा नसे. फार पूर्वी एका कोल्ह्याने बाहेरून हाक मारली होती, पाणी ओसरले, या बाहेर. तो छत्तिसावा दिवस होता. त्या वर्षीच्या पिल्लांची नावे घेण्याची पद्धत त्या प्रदेशात नाही.

राखणदार नेमण्यापूर्वी त्याला पारखत. पण चाळीस दिवसांची राखण पारखायला चाळीस दिवस कोणापाशी असणार? म्हणून पारखशाळेत एक खोल खड्डा होता, वरून झाकलेला, आणि त्यात तांब्याची एक परात दोरीवर फिरे. परातीसमोर पलिता धरला की ती सूर्यासारखी झळके. खड्ड्याच्या कडेवर चाळीस खाचा कोरल्या होत्या. परात एका खाचेतून वर यायची, पलीकडे बुडायची, पुढच्या खेपेला पुढच्या खाचेतून यायची. शंभरेक श्वासांत एक दिवस होई आणि सकाळच्या न्याहारीपासून दुपारच्या जेवणापर्यंत सगळा पूर आटपे.

ही दोरी ओढण्याचे काम टिटवीकडे होते. दोरी ओढायची, ‘दिवस उगवला’ म्हणायचे, ‘दिवस मावळला’ म्हणायचे, आणि शेवटी पिंपळपानावर पंजाचा ठसा उठवायचा: पारखले, उतरले. पानावर आणखी एक ठसा शाळेचा प्रमुख असलेल्या साळिंदराचा असे. तो आपल्याच पाठीचा एक काटा उपटून त्याच्या टोकाने उठवी, त्यामुळे ठसा देण्याची त्याला घाई नसे आणि एकदा दिलेला परत घेण्याची इच्छाही नसे. याखेरीज एक रिवाज होता. ज्या वर्षी ज्याने राखणदार पारखला, त्याची पिल्ले गुहेत सर्वांच्या आधी जात, सगळ्यांत आतल्या कोनाड्यात. पारख नीट व्हावी म्हणून कोणा पूर्वजाने हा रिवाज घातला होता. टिटवीला त्यापूर्वी कधी त्याची झळ लागली नव्हती, कारण तिची अंडी दर वर्षी पुरापूर्वीच कोणीतरी खाल्लेली असत. या वर्षी तीन फुटली.

त्या वर्षीचे कासव नवे होते. जागेपणी ते चोख होते. सहा वेळा टिटवीने परात फिरवली, सहाही वेळा ते चाळिसाव्या खाचेला उठले. पण एकदा जमलेली गोष्ट टिटवीला जमलेली वाटत नसे, आणि सहा वेळा जमलेली तर संशयास्पद वाटे. तिने विचारले, “थंडी पडली तर?”

थंडी पडली की कासवांना झापड येते. मान आत जाते, पाय आत जातात, आणि पुन्हा बाहेर येतात तेव्हा मधला काळ त्यांच्या लेखी घडलेलाच नसतो. कासव म्हणाले, “बाई, मी झोपेत रेघा ओढत नाही. ओढतो म्हणणाऱ्या कासवावर तुम्ही विश्वास ठेवला असता का?”

तिने पुन्हा पारख सुरू केली. नवव्या दिवशी कासवाला त्याच्या फळीवरून उचलून झऱ्याच्या गार पाण्याच्या दगडी दोणीत ठेवले. झापड आली. थोड्या वेळाने परत फळीवर ठेवले. कासवाने मान काढली, पाटी पाहिली, नऊ रेघा. कडेकडे पाहिले, तर परात पहिल्या खाचेत. त्याने शांतपणे पाटी पुसली आणि एक रेघ ओढली.

“हे काय, कासवदादा?”

“पाटी आणि सूर्य यांचे पटले नाही तर सूर्य खरा. नियम तुमचाच आहे.”

टिटवीने खड्ड्यात उतरून पाहिले तेव्हा कारण कळले. परातीची दोरी कासवाच्या फळीलाच बांधलेली होती. फळीवरचा भार उचलला की दोरी सैल पडे आणि परात घरंगळत पहिल्या खाचेला येई. इतक्या वर्षांत हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते, कारण इतक्या वर्षांत पारख चालू असताना राखणदाराला कोणी फळीवरून उचललेच नव्हते. सूर्य राखणदाराच्या बुडाखाली बांधलेला असतो, हे त्या शाळेत गृहीतच होते.

साळिंदराला हे ऐकून बरे वाटले. “म्हणजे दोष परातीचा. कासवाचा नाही. मग अडले कुठे?”

“कासवाची पारखच झाली नाही, साळिंदरराव. झाली ती दोरीची.”

तिने दोरी सोडवून खड्ड्याबाहेरच्या चिंचेच्या खोडाला बांधली. आता कासव झोपो की जागो, परात आपल्या खाचेत राहत होती. पण दोरी हातात घेऊन उभी असताना तिला पुढचा प्रश्न पडला, आणि तो दोरीने सुटणारा नव्हता. कासव दोणीत होते त्या वेळात परात किती खाचा पुढे सरकवायची? दोणीतली झोप शंभरेक श्वासांची. गुहेतली झोप एका दिवसाची असेल, नाहीतर अकरा दिवसांची. तिने एक खाच सरकवली. कासवाने जागे होऊन पाटीवर कोरी जागा सोडली, सूर्य पाहिला, कोऱ्या जागेत एक रेघ भरली आणि बरोबर चाळीसला उठले. तिने अकरा सरकवल्या. कासवाने अकरा भरल्या आणि बरोबर चाळीसला उठले. ती जे ठरवी ते कासवाला मान्य होते. झोप किती लांब, हे झोपणाऱ्याला माहीत नव्हते आणि झोपवणारी ते मनाने ठरवत होती. आणि या दोघांच्या एकमतालाच पारखशाळा पारख म्हणत होती.

शेवटी तिने परातीवर कांबळे टाकले.

कासव जागे झाले. उजेड होता, सूर्य नव्हता. त्याने कोरी जागा सोडली आणि खाली दुसरी ओळ सुरू केली: एक.

“पहिली ओळ कुठे गेली?” टिटवीने विचारले.

“ती आहे. पण तिच्यापुढे कोरी जागा आहे. कोरी जागा भरेपर्यंत वरची ओळ धरायची नाही, असा आमच्या घराण्याचा नियम आहे.”

“आणि सूर्य दिसलाच नाही तर?”

कासवाने जरा विचार केला. “दिसेल की. एवढा मोठा आहे.”

ती साळिंदराकडे गेली. साळिंदर पिंपळपाने लावत बसला होता. पाणी तोवर खालच्या बांधाला लागले होते.

“पुरात ढग असतात,” ती म्हणाली.

“टिटवीबाई, पुरात ढग असतात हे मला कळवायला तुम्ही इथवर आलात?”

“कांबळ्याखाली राखणदार चुकतो.”

“किती वेळा कांबळे टाकलेत?”

“पाच.”

“किती वेळा चुकला?”

“तीनदा मी कांबळे मधेच काढले, तेव्हा कोरी जागा भरून तो बरोबर उठला. दोनदा काढले नाही, तेव्हा चाळीस उलटून गेले तरी बसून राहिला.”

“म्हणजे तुम्ही कांबळे काढले की बरोबर, नाही काढले की चूक.” साळिंदराने पाठ खाजवली. “हे तुमच्या कांबळ्याबद्दल झाले. त्याच्याबद्दल काय?”

तिने एवढेच सांगितले की पानावर तसे लिहावे: जागेपणी उतरला, झापडीनंतर, ढगाखाली, सांगता येत नाही.

साळिंदराने एक पान तिच्यापुढे धरले. “इथे दोन जागा आहेत. उतरला, न उतरला. ‘सांगता येत नाही’ची जागा मला दाखवा, मी लगेच काटा उपटतो.” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “न उतरला असा ठसा दिलात तर दुसरा राखणदार नाही. शिळा अडसराशिवाय राहणार नाही. पाणी वाट बघणार नाही. तुमची तीन आहेत ना?”

तिने उतरलाच्या जागी पंजा ठेवला. ठसा स्वच्छ उठला; तिचा पंजा नेहमी स्वच्छच उठे.

पाणी चढले. पिल्ले आत गेली, टिटवीची सर्वांत आधी. शिळा बसली. टिटवी झरोक्याजवळच्या कपारीत राहिली आणि परातीची सोडवून आणलेली दोरी जवळ ठेवून रोज एक गाठ मारू लागली. पहिले सोळा दिवस सूर्य दिसत होता. सतराव्या दिवशी दुपारनंतर ढग आले, मग गारा आणि गारठा. गारांच्या माऱ्यात ती कपारीच्या तळाशी चोच पंखात खुपसून बसली, आणि बाहेर आली तेव्हा तोच करडा उजेड होता. तिने एक गाठ मारली. ती एक होती की दोन हव्या होत्या, हे तिने नंतर पुष्कळदा स्वतःला विचारले. त्यानंतर ढग हटले नाहीत.

चाळीस गाठी झाल्या आणि पाणी उतरले. एक्केचाळिसाव्या गाठीला खाली चिखल उघडा पडला होता आणि बेडूक त्याच्यावर बसून बोलत होते. शिळा जागची हलली नव्हती. टिटवीने झरोक्याला डोळा लावला. अगदी खाली, कासवाच्या कवचाला टेकवलेली पाटी दिसत होती. वरच्या ओळीत सतरा रेघा. मग कोरी जागा. मग खालच्या ओळीत बारा.

“कासवदादा.”

तिने चोच झरोक्याला लावली.

“कासवदादा, पाणी उतरले. आज एक्केचाळिसावा.”

“आज बारावा,” आतून आवाज आला. “आणि मी तुमच्याशी बोलत नाहीये. माझे मी मोजतो आहे, मोठ्याने.”

“वरच्या सतरा धरा की.”

“कोरी जागा आहे.”

“मी सांगते ती किती दिवसांची. बारा.” ती थांबली. खोटे बोलण्याची तिला सवय नव्हती, आणि अर्धे खरे तिला खोट्याहून अवघड जाई. “बारा, किंवा तेरा.”

मग कासव म्हणाले, आणि त्याच्या बोलण्यात राग नव्हता, “बाई, दुसऱ्या कोणाचा आवाज असता तर एक वेळ मनात चलबिचल तरी झाली असती. तुमचा मी ओळखतो. खड्ड्यात तुम्ही चाळीस वेळा म्हणालात, दिवस उगवला, दिवस मावळला. चाळीस दिवस संपवून मी वर आलो, तर सकाळची न्याहारी अजून पचली नव्हती.”

“ती पारख होती.”

“हो ना. आणि हे काय आहे, ते मला आतून कसे कळावे?”

तिने खालच्या ओळीचा हिशेब केला. बाराचे चाळीस व्हायला अजून अठ्ठावीस दिवस. चारा नऊ दिवसांचा, तोही मोजमाप बरोबर असेल तर. आणि पुन्हा गारठा पडला तर तिसरी ओळ. गुहेच्या आतल्या कोनाड्यातून पिल्लांचे आवाज येत होते. त्यांत तिचे तीन असायला हवे होते. तिने कान देऊन मोजले. दोन निश्चित होते. तिसरे झोपलेले असू शकत होते.

ती माथ्यावर साळिंदराकडे गेली. पाण्यापूर्वी शाळेतली हलवण्याजोगी एकच वस्तू वर आणली गेली होती, आणि साळिंदर तिच्याच आडोशाला वारा चुकवून बसला होता. तिने त्याला काही समजावले नाही.

“परात हवी,” ती म्हणाली. “उद्या पहाटे. समोरच्या रांगेत, चाळिसाव्या खाचेवर.”

साळिंदराने मागच्या परातीकडे पाहिले. “राखणदाराला परात दाखवायची. खऱ्या गुहेत. शाळेच्या प्रमुखाने.”

“हो.”

“आणि पुढच्या वर्षी, परातीला उठणारा राखणदार नेमल्याबद्दल माझ्या पाठीवर किती काटे राहतील?”

“साळिंदरराव, तुमचा नातू त्याच गुहेत आहे.”

“तिसऱ्या कोनाड्यात,” साळिंदर म्हणाला. एवढे बोलून तो उठला आणि पलित्यासाठी कोरडी काटकी शोधू लागला. त्या ओल्या माथ्यावर ती सापडणे कठीण होते.

पहाटे करड्याचे फिके करडे झाले तेव्हा टिटवी झरोक्यापाशी होती. समोरच्या रांगेवर, चाळिसाव्या खाचेत, धुक्यातून एक तांबूस गोल वर आला. तो थोडा हलत होता. साळिंदर म्हातारा होता आणि परात जड होती. कोणा परक्याने पाहिले असते तर त्याला तो सूर्यच वाटला असता. टिटवीला मात्र त्याच्या उजव्या कडेचा पोचा इतक्या दुरून दिसत होता, कारण तो तिच्याच हातून पडला होता.

पाटीवर खालच्या ओळीत तेराव्या दिवसाची रेघ उमटली होती. सतरा आणि तेरा. कोऱ्या जागेत दहा रेघा भरल्या की झाले.

कासवाची मान कवचातून हळूहळू बाहेर आली आणि झरोक्याच्या दिशेने वळली. ते खूप वेळ पाहत राहिले.

“हा सूर्य,” ते म्हणाले, “की ती परात?”

टिटवीने चोच उघडली.

“तुम्हाला नाही विचारत,” कासव म्हणाले. “आवाजाला विचारायचे नसते. माझे मला विचारतो आहे.”

मग नख पाटीवर घासल्याचा आवाज आला. एक. टिटवी श्वास रोखून मोजू लागली. दोन. कासव घाई करणारे नव्हते. प्रत्येक रेघेनंतर ते थांबे, वर पाही, आणि मगच पुढची ओढी. पाच झाल्या तेव्हा समोरचा गोल डगमगला आणि पुन्हा स्थिर झाला. सात. आतल्या कोनाड्यात कोणीतरी चिवचिवले, आणि ते आपले तिसरे की दुसऱ्याच कोणाचे, हे ओळखण्याच्या नादात आठवी रेघ तिने जवळजवळ हुकवली. नऊ.

रांगेवरचा पलिता विझला. नख आधी थांबले की उजेड आधी गेला, हे तिला सांगता आले नाही. झरोक्यात आता काळोख होता आणि आतून गार हवा येत होती, जशी दोणीवरून येई. तिने डोळा लावून पाहिले. पाटी तिथेच होती, अंधुक. कासवाची मान दिसत नव्हती. ती दहावी रेघ ओढण्यासाठी पाटीवर वाकली होती, की आत गेली होती, हे झरोक्यातून कळण्यासारखे नव्हते. कोऱ्या जागेत नऊ रेघा होत्या, आणि त्यांच्यापुढे एका रेघेपुरती जागा होती.